झाकणाखालची पुली

१

हरप्रसाद मेला तेव्हा त्याचा चहा अजून गरम होता. हे त्याच्या बायकोने मला त्याच सकाळी सांगितलं होतं. मी ते ऐकून घेतलं आणि विसरलो.

झाशीच्या रेल्वे कॉलनीला लागून आमच्या स्नेहवर्धक मंडळाचं सभागृह होतं. रेल्वेच्या नोकरीपायी इकडे आलेली महाराष्ट्रातली मंडळी आणि पेशवाईपासून इथेच राहिलेली जुनी घराणी, अशा दोघांनी मिळून ते बांधलेलं. १९६२च्या फेब्रुवारीत मंडळाला पन्नास वर्षं होत होती. रविवारी संध्याकाळी समारंभ, मुंबईहून मोठे साहेब पाहुणे. अध्यक्ष अनंतरावांनी महिनाभर एकच धोशा लावला होता: मोझॅकच्या फरशीत माणसाचं तोंड दिसलं पाहिजे.

फरशी घोटायचं मशीन कानपूरहून आणलेलं होतं. खाली परातीएवढा गोल ब्रश, त्यावर मोटर, मागे लांब दांडा. दांडा जरा उचलला की मशीन उजवीकडे सरकायचं, दाबला की डावीकडे. दिसायला सोपं, पण दांडा हातात धरला की कळायचं. मंडळात ते एकट्या हरप्रसादला जमायचं. हा टहरौलीचा माणूस, सभागृहाचा राखणदार, मागच्या खोलीत बायकोबरोबर राहायचा. आठ महिने तोच मशीन चालवत होता.

त्या रविवारी सकाळी सातला त्याने अर्धी राहिलेली फरशी करायला मशीन लावलं. बटण दाबताच मशीन उसळलं, दांड्याचा तडाखा त्याच्या पोटात बसला आणि तो मागे स्टेजच्या दगडी पायरीवर जाऊन आदळला. रामकली, त्याची बायको, धावत आली तेव्हा मशीन खुर्च्यांच्या रांगेत घुसून गरगरत होतं. तिने आधी नवऱ्याकडे धाव घेतली, मग वायर ओढून काढली. डॉक्टर येईपर्यंत सगळं संपलं होतं.

दहाच्या सुमाराला पोलीस ठाण्याचे दरोगाजी आले. मोटरखालच्या पत्र्याच्या झाकणाला चार स्क्रू होते, त्यांवर त्यांनी कागद चिकटवून लाखेचं सील केलं आणि मशीन कोपऱ्यात ठेवायला सांगितलं.

"किसी बिजली के जानकार को दिखवा दीजिए. मेरे सामने खुलेगा," ते अनंतरावांना म्हणाले.

समारंभ झाला. पायरी धुतली होती. न घोटलेल्या अर्ध्या फरशीवर जाजमं अंथरली. जाजमं मंडळात आधीपासूनच होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी गोविंदमामांनी मला हाक मारली. "दिवाकर, मंडळाची वही घे. हरप्रसादने काय केलं ते उतरवून ठेवायचंय."

२

गोविंदराव माझे सख्खे मामा आणि मंडळाचे चिटणीस. माझे आईवडील गुरसरायला पाठोपाठ गेले तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. मामा मला झाशीला घेऊन आले, शिकवलं, मालधक्क्याच्या ऑफिसात कारकून म्हणून चिकटवलं. मी राहायचो त्यांच्याच घरी. मंडळात मी त्यांच्या हाताखाली सहचिटणीस, म्हणजे त्यांनी लिहायचं आणि मी सुवाच्य अक्षरात वहीत उतरवायचं.

मामांनी चाळीस वर्षं रेल्वेत कारकुनी केली होती. त्यांच्या मसुद्यात खाडाखोड नसायची आणि मोघम शब्द नसायचा. "लिहायचं तर नेमकं लिहावं," असं ते मला पहिल्या दिवसापासून सांगत आले होते.

त्या सोमवारचा मसुदा मला अजून पाठ आहे. "मयत हरप्रसाद याने काम लवकर उरकण्याच्या हेतूने, कोणासही न विचारता, मोटरवरील दोन इंची पुली काढून त्या जागी सव्वातीन इंची पुली बसविली व मशीनचा वेग वाढविला. सबब अपघातास तो स्वतःच जबाबदार आहे." वर तारीख होती. शनिवारी कार्यकारिणीची सभा होती, तिच्यापुढे हे ठेवायचं होतं.

या दोन वाक्यांवर काय अवलंबून होतं ते मला ठाऊक होतं. मंडळाचा नियमच होता: नोकर कामावर असताना गेला आणि चूक त्याची नसली, तर त्याची नोकरी आणि खोली त्याच्या बायकोला. चूक त्याची असली, तर महिन्याभरात खोली रिकामी.

मी वही बंद केली तेव्हा रामकली अंगणात उभी होती. यमुनामामींनी तिला आदल्या दिवशी रात्रीची भाकरी पाठवली होती, ते ताट परत द्यायला आली होती.

"भैया, सब कह रए के उन्नई ने मसीन में कछू करो," ती मला म्हणाली. "बे तो पेंच नईं छूत ते. डरत ते ऊसें."

हरप्रसाद स्क्रूला हात लावायलाही घाबरायचा, असं ती सांगत होती. मी म्हटलं, चौकशी होईल. ताट आत ठेवायला गेलो तेव्हा मामा खिडकीपाशी उभे होते. त्यांनी तिचं बोलणं ऐकलं होतं.

"मशीन बघायला कोणाला बोलावताहेत?" त्यांनी विचारलं.

"मार्तंडकाकांना."

मामांनी चष्मा काढून पुसला आणि बराच वेळ पुसत राहिले.

३

मार्तंडकाका वर्कशॉपच्या विजेच्या विभागातून फोरमन म्हणून निवृत्त झाले होते. जीआयपी रेल्वेच्या जमान्यात लागलेला माणूस. बारीक, ताठ, उजव्या हाताची दोन बोटं अर्धी गेलेली. मोटरचा आवाज बाहेरून ऐकून आत कुठली बेअरिंग गेलीय ते सांगायचे. अनंतरावांनी त्यांचं नाव सुचवलं ते एवढ्याचसाठी, की म्हातारा बघेल, दोन ओळी लिहून देईल आणि प्रकरण मिटेल. टिपणं घ्यायला मला त्यांच्याबरोबर दिलं.

बुधवारी सकाळी दरोगाजींच्या समोर काकांनी सील तोडलं. तोडण्याआधी चारही स्क्रूंवरचा कागद त्यांनी भिंगातून पाहिला.

"दरोगाजी, इतवार से आज तक किसी ने नहीं खोला?"

"सील आपके सामने है, देख लीजिए."

"ठीक है." मग माझ्याकडे वळून, "लिही. सील शाबूत."

झाकण निघालं. आत दोन पुल्या आणि त्यांवरून फिरणारा पट्टा. छोटी पुली मोटरच्या फिरत्या दांडीवर, मोठी ब्रशच्या. काका मला समजावून सांगू लागले, "मोटर आपल्या एकाच वेगाने फिरते, तो बदलत नाही. तिच्यावरची छोटी पुली मोठी केली की पट्टा जास्त धावतो आणि ब्रश जोरात फिरतो. जितका जोरात, तितकी ओढ जास्त."

मोटरवरची पुली नवी होती. बिडाची, ताज्या कातकामाने लकाकणारी. काकांनी कॅलिपर लावला, मग पट्टीवर धरला.

"सव्वातीन. मुळात इथे दोन इंची असायला हवी. म्हणजे ब्रश मिनिटाला एकशेऐंशी फेऱ्यांऐवजी जवळपास तीनशे घेत होता. असलं जनावर त्या बिचाऱ्याच्या हातात दिलं."

सव्वातीन हा आकडा माझ्या कानाला ओळखीचा लागला. कुठे ऐकला होता ते मी आठवून पाहिलं नाही. आठवायचं नव्हतं म्हणा.

"बदली कोणी?" मी विचारलं.

"मंडळ काय म्हणतंय?"

"हरप्रसादनेच."

काका उकिडवे बसले होते, तसेच पायरीपर्यंत सरकत गेले. "त्याच्या बायकोला बोलाव," ते म्हणाले. "त्या सकाळी त्याने काय काय केलं, सगळं तिच्याकडून ऐकायचंय."

४

रामकलीने जागा दाखवली. पायरीपासून हातभर अंतरावर, फरशीवरच तिने चहाचा पेला ठेवला होता.

"बे बोले, इतईं धर दो, एक फेरा मारकें पियत हैं. रोज ऐसेई करत ते."

"पेला भरा था?" काकांनी विचारलं.

"पूरो भरो. ऊ में से एक घूँट नईं पियो. हम लौट के आए तो तातो हतो."

काकांनी मान डोलावली आणि तिला जायला सांगितलं. मग ते माझ्याशी बोलले, पण नजर फरशीवरच होती.

"दिवाकर, पुली वाढवणाऱ्या माणसाला वेग वाढलाय हे माहीत असतं. तो पहिल्यांदा मशीन लावताना मोकळी जागा बघेल, दांडा दोन्ही हातांनी आवळेल. मागे दगडी पायरी आणि पायाशी भरलेला पेला ठेवून नाही लावणार. हा माणूस रोजच्यासारखा उभा राहिला होता. त्याच्या लेखी मशीन कालचंच होतं."

"पण त्याचा अंदाज चुकला असेल."

"असेल. म्हणून दुसरं बघ." त्यांनी मला झाकणापाशी नेलं. मोठी पुली बसवली की पट्टा तोकडा पडतो, म्हणून मोटर पुढे सरकवावी लागते. ती चार नटांवर बसलेली होती. नट सैल करून, मोटर सरकवून पुन्हा आवळले होते. "नटांचे कोपरे बघ. एकही झिजलेला नाही. हरप्रसादकडे काय हत्यार आहे?"

ते मी पाहिलं होतं. खोलीच्या दारामागे एक जुना, ढिल्या जबड्याचा पाना टांगलेला असायचा. नळ उघडायचा तरी नटाचे कोपरे खाऊन टाकायचा.

"हे बरोबर मापाच्या पान्याने केलेलं काम आहे. आणि ही पुली बाजारात मिळत नाही. कोणीतरी लेथवर कातलीय, दांडीच्या मापाने भोक पाडलंय, चावीची खाच केलीय. मंडळात लेथवर कोण आहे?"

एकच होता. दत्तात्रेय, वर्कशॉपमध्ये टर्नर. मशीनची देखभाल तोच करायचा.

मी संध्याकाळी घरी जाऊन मामांना सांगितलं की पुली बदललेली निघाली, सव्वातीन इंची आहे, आणि काकांचा दत्तात्रेयावर संशय आहे. मामांनी फक्त "हं" म्हटलं. जेवताना त्यांनी दत्तात्रेयाविषयी दोनदा विचारलं. पुलीविषयी काही विचारलं नाही.

गुरुवारी सकाळी आम्ही वर्कशॉपच्या फाटकावर गेलो. टाइमकीपरने रजिस्टर पाहिलं. दत्तात्रेय सोमवारपासून रजेवर होता. कुठे गेला ते कोणाला ठाऊक नव्हतं.

५

त्याची सासुरवाडी चिरगाँवला होती. कानपूर रस्त्याच्या बसने आम्ही अकराला उतरलो. सासऱ्याचं किराणा दुकान होतं, दत्तात्रेय आत पोत्यांवर बसला होता. दाढी वाढलेली. मार्तंडकाकांना पाहून तो उठला नाही. काका वर्कशॉपात त्याचे गुरू होते, लेथ त्यांनीच त्याच्या हाती दिली होती.

"पुली तुझी," काका म्हणाले. प्रश्न नव्हता तो.

"माझी."

"कोणी सांगितलं?"

"अनंतरावांनी. म्हणाले, ब्रश हळू फिरतो, मेणाला चमक येत नाही, काहीतरी करा. मी म्हटलं, वेग वाढवता येईल. ते म्हणाले, मग वाढवा. त्यांना पुली म्हणजे काय तेही ठाऊक नाही, काका. त्यांना चमक पाहिजे होती."

"कधी बसवलीस?"

"शनिवारी दुपारी चारला. लावून पाहिलं तर माझ्याच हातातून निसटत होतं. म्हणून ठरवलं, रविवारी सकाळी नऊला यायचं, मशीनवर वीस शेर वजन बांधायचं, आणि मग हरप्रसादच्या हातात देऊन शिकवायचं. तोवर कोणी लावू नये."

"हे हरप्रसादला सांगितलंस?"

दत्तात्रेयाने मान खाली घातली. "तो बाजारात गेला होता. मंडळातल्या माणसाला सांगितलं. नीट सांगितलं, काका. पुली केवढी होती, केवढी केली, वेग किती झाला, सगळं. म्हटलं, मी येईपर्यंत लावू देऊ नका, हरप्रसादला आज संध्याकाळीच सांगून ठेवा. तो हो म्हणाला."

"कोण?"

तो पोत्याची सुतळी उसवू लागला.

"दत्तोबा, त्या बाईला घराबाहेर काढताहेत."

"मी नऊला आलो होतो. फाटकापाशी गर्दी दिसली. कोणीतरी म्हणालं, मशीनने मेला. मी तिथूनच मागे फिरलो." तो आता काकांकडे बघत नव्हता. "सभेत येऊन मी काही बोलणार नाही. सरकारी लेथवर खासगी काम केलंय. नोकरी जाईल. दोन लेकरं आहेत. आणि नाव घेतलं तर तो म्हणेल, मला काही सांगितलंच नाही. त्याच्या शब्दापुढे माझा शब्द कोण धरणार?"

परतीच्या बसमध्ये काका खिडकीबाहेर पाहत होते. हरभऱ्याची शेतं होती. झाशी जवळ आली तेव्हा ते म्हणाले, "शनिवारी दुपारी चारला सभागृहात कोण होतं?"

मी आठवून सांगितलं. अनंतराव होते, पाहुण्यांच्या खुर्चीची जागा ठरवत. मामा होते, आमंत्रितांची यादी घेऊन. आणि मी होतो, हार आणायला जायच्या आधी.

"म्हणजे तिघं. तुला सांगितलं होतं का?"

"नाही, काका."

"मग दोघं राहिले," ते म्हणाले. "उद्या मला मंडळाची वही दाखव."

६

शुक्रवारी दुपारी मामा बँकेत गेलेले असताना काका घरी आले. यमुनामामींनी त्यांना पोहे दिले. मी वही पुढ्यात ठेवली. त्यांनी गेल्या सहा महिन्यांची पानं सावकाश वाचली, शेवटच्या पानापाशी आले आणि पोह्यांची बशी बाजूला सारली.

"हे अक्षर तुझं."

"हो. मसुदा मामांचा."

"कधी उतरवलंस?"

"सोमवारी दुपारी. तारीख आहे ना वर."

"झाकण कधी उघडलं?"

"बुधवारी," मी म्हणालो, आणि पानावरच्या तारखेकडे पुन्हा पाहिलं.

काकांनी अर्धं बोट त्या ओळीवर टेकवलं. "रविवारी दहापासून सील होतं. त्याआधी झाकण बंदच होतं, बाहेरून बघून आतलं काही कळत नाही. मशीन जोरात फिरलं एवढं रामकलीच्या बोलण्यावरून कोणीही लिहील. मोटरची वायरिंग बिघडली म्हणेल, विजेचा दाब वाढला म्हणेल. पण पुली बदलली, दोनाची सव्वातीन झाली, हे सोमवारी कोणाला माहीत असणार? ज्याने बसवली त्याला. आणि त्याने ज्याला सांगितलं त्याला."

आत मामींच्या भांड्यांचा आवाज येत होता.

"अनंतरावही असू शकतात," मी म्हणालो. "त्यांनी मामांना सांगितलं असेल."

"अनंतरावांनी वेग वाढवायला सांगितलं. इंच त्यांच्या डोक्यात राहिले नसते. दत्तोबा जे नेमकं बोलला ते नेमकं ऐकून ठेवणारा, आणि लिहायची वेळ आली की आकडा सोडवत नाही असा माणूस एकच आहे." त्यांनी वही माझ्याकडे सरकवली. "तू त्याच्या घरचा आहेस. मला ठाऊक आहे. पण तो लिहिताना तू समोर होतास. ही वही सोमवारी लिहिली हे सांगणारा तुझ्याशिवाय दुसरा कोणी नाही. उद्या सभेत सांगशील?"

"सांगेन," मी म्हणालो.

तेव्हा मला तसंच वाटत होतं. खोटं बोललो नाही.

त्या संध्याकाळी मामांनी मला शेजारी बसवून माझ्या लग्नाचा विषय काढला. उज्जैनचं स्थळ होतं. मुलीचं नाव कांचन. पत्रिका त्यांनी स्वतः जुळवून आणली होती. काका घरी येऊन गेल्याचं त्यांना मामींनी सांगितलं होतं. त्यांनी मला त्याविषयी एक अक्षर विचारलं नाही.

७

सभा शनिवारी दुपारी चारला, सभागृहाच्या मागच्या खोलीत भरली. सात जण. रामकली बाहेर व्हरांड्यात बसली होती. दार उघडं होतं, पण आम्ही मराठीत बोलत होतो.

मार्तंडकाकांनी उभं राहून सगळं क्रमाने मांडलं. भरलेला पेला. न झिजलेले नट. लेथवर कातलेली पुली. दत्तात्रेयाचं नाव त्यांनी घेतलं नाही, "एका कारागिराने" एवढंच म्हणाले. मग वही उघडून ती ओळ वाचली आणि सीलचा कागद शेजारी ठेवला.

"ज्याला हे सोमवारी माहीत होतं त्याला शनिवारी सांगितलेलं होतं. त्याने हरप्रसादला सांगितलं नाही. आणि तो मेल्यावर दोष त्याच्याच माथी मारला. मी एवढंच म्हणतो की हे पान रद्द करा आणि त्या बाईला तिच्या हक्काचं द्या."

अनंतरावांचा चेहरा पांढरा पडला होता. चमक त्यांनी मागितली होती, आणि त्यातून काय घडलं हे त्यांना आता कळत असावं.

मामा बसूनच बोलले. आवाज नेहमीचा होता. "मार्तंडराव, आपला थोडा गैरसमज झालाय. तारीख सोमवारची आहे खरी. सोमवारी मी पान आखून तारीख घातली. मजकूर गुरुवारी सांगितला. बुधवारी आपण झाकण उघडलंत, माप काढलंत, ते दिवाकरने मला घरी येऊन सांगितलं. त्यावरून मी लिहिलं. विचारा त्याला."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मामांनी पाहिलं नाही. ते समोरच्या भिंतीकडे बघत होते, आणि त्यांचा हात टेबलावर सपाट ठेवलेला होता. तो हात धरून मी गुरसरायहून आलो होतो.

"दिवाकर," अनंतराव म्हणाले, "मजकूर कधी उतरवलास?"

मी मार्तंडकाकांकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर काही विनवणी नव्हती. ते वाट बघत होते, मोटर सुरू झाल्यावर आवाज यायची बघावी तशी.

"गुरुवारी," मी म्हणालो. "संध्याकाळी."

गुरुवारी आम्ही दोघं चिरगाँवला गेलो होतो आणि संध्याकाळी उशिरापर्यंत मी काकांच्याच ओट्यावर बसलो होतो. हे काका सांगू शकले असते. त्यांनी सांगितलं नाही. त्यांनी आपला कॅलिपर मखमलीच्या पेटीत ठेवला, पेटी काखेत मारली आणि ते खोलीबाहेर गेले. व्हरांड्यात ते रामकलीपाशी थांबलेले मला दिसले. मग अनंतराव खाकरले आणि सभा पुढे चालू झाली.

ठराव एकमताने झाला. "स्वतःच जबाबदार" हे शब्द तसेच राहिले. माणुसकीच्या दृष्टीने खोली सोडायची मुदत एक महिन्याऐवजी दोन महिने केली. मी तो वहीत उतरवला.

८

घरी जाताना लोको शेडच्या भिंतीपाशी मी मामांना विचारलं. "दत्तात्रेयाने तुम्हाला सांगितलं होतं ना?"

"सांगितलं होतं."

"मग हरप्रसादला का नाही सांगितलं?"

ते चालत राहिले. शेडमध्ये इंजिनाची राख काढत होते, धूर रस्त्यावर येत होता. धुरातून बाहेर पडल्यावर ते म्हणाले, "सांगितलं असतं तर त्याने मशीनला हात लावला नसता. आधीच घाबरायचा. दत्तू नऊला येणार, मग वजन बांधणार, मग शिकवणार. दुपार झाली असती. अर्धी फरशी तशीच राहिली असती."

"ती तशीच राहिली, मामा."

"हो," ते म्हणाले. "मला वाटलं, आठ महिने चालवतोय, सांभाळेल."

एवढंच. पुढे त्यांनी या विषयावर मरेपर्यंत शब्द काढला नाही. मलाही धन्यवाद दिले नाहीत. त्यांच्यानंतर मी चिटणीस झालो, आणि अठरा वर्षं राहिलो. दत्तात्रेय रजा संपवून कामावर परतला आणि आपली बदली भुसावळला करून घेतली. मार्तंडकाकांनी मंडळाचं सभासदत्व सोडलं. स्टेशनच्या पुलावर आमची कधीमधी गाठ पडायची. ते थांबायचे, यमुनामामींच्या गुडघ्यांची चौकशी करायचे आणि पुढे जायचे. मला एका शब्दाने दोष दिला असता तर बरं झालं असतं.

रामकलीने दोन महिने घेतले नाहीत. सभेनंतर चौथ्या दिवशी सकाळी ती मंडळाच्या ऑफिसात आली. मी एकटाच होतो. तिच्या हातात मंडळाच्या ठरावाची प्रत होती, मराठीत, माझ्याच अक्षरातली. कागद तिने टेबलावर उलगडून ठेवला.

"भैया, ई में का लिखो है? बाँच दो."

मी कागद हातात घेतला. ओळी मला दिसत होत्या. मी वर न बघता हिंदीत सांगू लागलो. "लिखा है कि हरप्रसाद मेहनती आदमी था. मशीन में खराबी आ गई. दुर्घटना थी. किसी की गलती नहीं थी."

"उनकी भी नईं?"

"नहीं. उनकी भी नहीं."

तिने माझ्या हातातून कागद घेतला आणि त्याची घडी घातली.

"बड़े बाबूजी ने हमें पैलेंई बाँच दओ हतो," ती म्हणाली. "मार्तंड बाबूजी ने. एक-एक अच्छर. हमें तो तुमाए मों से सुननें हतो."

तिच्या आवाजात राग नव्हता. कमरेला खोचलेली खोलीची किल्ली काढून तिने टेबलावर ठेवली. बाहेर टांगा उभा होता, त्यात एक पत्र्याची ट्रंक आणि गुंडाळलेली गोधडी. टहरौलीची बस साडेदहाला सुटायची. टांगेवाल्याने तिला हात देऊन वर घेतलं. मी खुर्चीतून उठलो नाही.